गरोदरपणातले लेप: चंदनापासून शिशापर्यंत

सातव्या महिन्यात गरोदर बाईच्या छातीत जळजळू लागले की घरातली एखादी वडीलधारी हसून म्हणते, "बाळाला जावळ भरपूर असणार!" हे बोलणे किती जुने असेल? चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, ते जवळजवळ याच अर्थाने सापडते. सुमारे दोन हजार वर्षे जुना हा ग्रंथ सांगतो की, सातव्या महिन्यात गर्भाला केस येतात म्हणून आईच्या अंगाची आग होते, असे स्त्रिया म्हणतात. आणि लगेच भगवान आत्रेयांचे मत देतो: तसे नाही. वाढता गर्भ वर दाबतो, त्यामुळे वात, पित्त, कफ छातीशी येऊन दाह करतात. त्यातून खाज सुटते आणि खाजेतून 'किक्किस' होतो. पोटावर आणि स्तनांवर उमटणाऱ्या ज्या रेषांना आज आपण स्ट्रेच मार्क्स म्हणतो, त्यांच्याशी हा किक्किस जुळतो.

या उताऱ्याचे मला फार अप्रूप वाटते. ग्रंथकाराने बायकांचे म्हणणे नोंदवले, ते खोडून काढले, पण त्यांचा त्रास खोटा ठरवला नाही. गंमत अशी की, २००६ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या संशोधकांनी ६४ गरोदर स्त्रियांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. जळजळीची ही समजूत खोटी ठरेल अशी त्यांची अटकळ होती. निघाले उलटेच. जिची जळजळ जास्त, तिच्या बाळाला केसही जास्त, असे पुष्कळ जणींच्या बाबतीत दिसले. केसांमुळे जळजळ होते असे काही त्यातून सिद्ध होत नाही. दोन्हींच्या मागे तीच संप्रेरके असावीत, असा त्यांचा तर्क. म्हणजे बायकांनी पाहिले ते बरोबर होते, कारण तेवढे वेगळे निघाले.

आता चरकाचे उपाय पाहू. चंदन आणि कमळाच्या देठाचा लेप पोटाला व स्तनांना लावावा. किंवा शिरीष, धायटी, मोहरी, ज्येष्ठमध यांचे चूर्ण चोळावे. हळद आहे, कडुनिंब आहे, तुळस आणि मंजिष्ठा आहे. खाज सुटली तरी नखाने खाजवू नये, कातडी फाटून विद्रूप होते. अगदीच असह्य झाले तर चोळावे. आजही कुठलीही आजी हेच सांगेल. पण त्याच यादीत त्रिफळ्यात हरणाचे किंवा सशाचे रक्त मिसळायलाही सांगितले आहे, आणि कण्हेरीच्या पानांत सिद्ध केलेल्या तेलाचा अभ्यंगही आहे. कण्हेर पोटात गेली तर हृदयाची लय बिघडवते. ते तेल आज घरी करून गरोदर बाईच्या अंगाला कुणी लावू नये. एकाच पानावर चंदनही आणि कण्हेरही, दोन्ही निसर्गाचीच लेकरे.

त्याच सुमारास तिकडे रोममध्ये एफेससचा सोरॅनस हा वैद्य गरोदर स्त्रियांच्या पोटाला कच्च्या ऑलिव्हचे तेल आणि मर्टल या सुगंधी झुडपाचे तेल घातलेले मेणाचे मलम लावायला सांगत होता. कातडी घट्ट राहिली की ती फाटत नाही, अशी त्याची समजूत. दोन दूरच्या देशांतल्या वैद्यांना एकच चिंता पडली होती. त्या काळापासून खोबरेल, तीळतेल, कोको बटर, कोरफड अशी किती तेले-मलमे या रेषांवर खर्ची पडली, याला गणती नाही. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी तोवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. त्यांत ऑलिव्ह तेल होते, कोको बटरही होते. या रेषा लावण्याच्या औषधाने टळतात असा पुरावा मिळाला नाही. रेष पडते ती कातडीच्या आतल्या थरात. तिथले धागे ताणाने आणि संप्रेरकांमुळे विस्कटतात. आईला रेषा असतील तर लेकीलाही येण्याचा संभव अधिक. तेलाने कोरडेपणा जातो, खाज शमते, आणि चोळणाऱ्या हाताने जिवाला बरे वाटते. तेल एवढ्यासाठी जरूर लावावे.

एक गोष्ट मात्र तेलावर सोडू नये. अंगावर पुरळ नसताना तळहात आणि तळपाय खाजू लागले, रात्री खाज वाढली, तर तो यकृताचा आजार असू शकतो. त्यात बाळाला धोका असतो. रक्त तपासून घ्यावे, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

आजवरच्या लेपांनी फार तर पैसा वाया गेला. आता ज्यांनी बाळे गेली, त्यांच्याकडे वळते. जपानमध्ये स्त्रिया चेहऱ्याला, मानेला, छातीला ओशिरोई नावाची पांढरी पूड लावत. ती बहुधा शिशाची असे. अंगावर पिणाऱ्या बाळांना तिथे एक गूढ आजार होई. चेहरा पांढराफटक पडे, उलट्या होत, झटके येत आणि पुष्कळ बाळे दगावत. डॉक्टर त्याला मेंदूज्वर समजत. १९२३ साली क्योतोचे बालरोगतज्ज्ञ हिराई इकुतारो यांनी दाखवून दिले की, हे शिशाचे विष आहे आणि ते आईच्या पावडरीतून येते. बाळ दूध पिताना आईची छाती चाटत होते. पुढे १९३० च्या दशकात जपानने शिशाच्या पावडरीवर बंदी आणली. युरोपातही स्तनाग्रांना चिरा पडल्या की त्यांवर शिशाच्या टोप्या घालण्याची चाल एकोणिसाव्या शतकापर्यंत होती. ज्या आयांनी हे वापरले त्या निष्काळजी नव्हत्या. नीटनेटके राहावे, बाळाला दूध पाजताना कळ लागू नये, एवढेच त्यांना हवे होते.

आपल्याकडे याचा धागा सुरम्याशी जुळतो. आमच्या मुसलमान घरांत सुरमादाणी कपाटात मानाने ठेवलेली असते आणि सुरमा म्हणजे पुण्याची, आरोग्याची वस्तू अशी भावना आहे. त्या भावनेचा मी आदरच करते. पण बाजारातला पुष्कळसा सुरमा गॅलेना या खनिजाचा, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा असतो. खनिज जमिनीतून निघते, म्हणजे तेही नैसर्गिकच. शिसे एकदा शरीरात गेले की हाडांत जाऊन बसते. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना बाळासाठी आईच्या हाडांतले कॅल्शियम निघते, त्याबरोबर जुने शिसेही बाहेर पडते. लग्नाआधीचा सुरमा असा बाळापर्यंत पोहोचू शकतो. तेव्हा सुरमादाणी आठवण म्हणून जपावी, आईच्या आणि बाळाच्या डोळ्यांत मात्र तो घालू नये.

हळदीचेही तसेच. हळद निर्मळ, पण रंग उठावदार दिसावा म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळणारे लोक असतात. बांगलादेशात गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे सापडले, त्याचा माग काढत संशोधक हळदीपर्यंत पोहोचले. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत शिसे होते. सरकारने धाडी घातल्या, दंड केले, लोकांना जागे केले. २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. म्हणून उटण्याला आणि दुधाला अख्खी हळकुंडे आणून घरी कुटलेली हळद बरी.

चेहऱ्यावर वांग आले की गोरेपणाची मलमे घरात येतात. काही मलमांत पारा निघाला आहे, आणि डबीवर जडीबुटीचे चित्र असले म्हणून तो टळत नाही. 'अ' जीवनसत्त्वाचे जातभाई असलेले रेटिनॉइडही गरोदरपणात वर्ज्य. लिंबू चोळून उन्हात गेले तर कातडी भाजून डाग वाढतो. वांगाला उन्हापासून जपावे. बहुतेकींचे ते बाळंतपणानंतर आपोआप फिके होत जाते.

आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनाग्रांच्या चिरा? मेंढीच्या लोकरीतली चरबी प्राचीन ग्रीकांनाही ठाऊक होती. १८८२ साली जर्मनीत ती शुद्ध करून 'लॅनोलिन' नावाने बाजारात आणण्याची वाट मोकळी झाली. आजही ती वापरतात. पण २०१४ च्या कॉक्रेनच्या आढाव्यात असे दिसले की, काहीच न लावणे किंवा आईचेच दूध दोन थेंब लावणे हेही तेवढेच किंवा थोडे अधिक उपयोगी असू शकते. बाळ स्तन नीट तोंडात घेते की नाही, हे जाणत्या बाईने पाहणे त्याहून महत्त्वाचे.

आमच्याकडचा चाळीस दिवसांचा चिल्ला आणि शेजारच्या घरातला सव्वा महिना, हिशेब जवळजवळ एकच. बंद खोलीत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि धुरी यांनी बाळाची छाती भरते, भाजण्याचीही भीती. ती सोडून द्यावी. पण रोज येऊन अंग चोळणारी बाई, ऊन पाण्याची आंघोळ, कामाला सुट्टी आणि कुणीतरी हातात आणून दिलेला गरम घास, हे मात्र सोडू नये. नव्या घरांतून नेमके हेच नाहीसे होत आहे आणि त्याच्या जागी बाटल्या आल्या आहेत. अशी बाटली घरात आली तर तिच्यात काय आहे, किती आहे आणि कुणी तपासले, हे विचारावे. आजीच्या लेपालाही हेच प्रश्न विचारता येतात. आत्रेयांनी दोन हजार वर्षांपूर्वी 'तसे नाही' म्हटले, ते बायकांचे म्हणणे आधी नीट ऐकून घेतल्यावरच.