स्वमदत गट, तरुण शुभार्थींचे

मानसिक आजाराशी सामना करणाऱ्या, साधारणपणे १८ ते ३० वयाच्या तरुण-तरुणींनी ठरलेल्या दिवशी एकत्र बसून आपापले अनुभव सांगण्यासाठी आणि ऐकण्यासाठी चालवलेला गट. नैराश्य, चिंताविकार, मंत्रचळ, बायपोलर, स्किझोफ्रेनिया यांपैकी कोणताही आजार असलेले सभासद त्यात असू शकतात. गटोपचारात सूत्रे समुपदेशकाच्या हाती असतात. स्वमदत गटात मात्र गट चालवणाराही त्याच वाटेने गेलेला असतो. तिथे केसपेपर नसतो, फी नसते आणि कोणी कोणाचे निदान करत नाही. महाराष्ट्रात या क्षेत्रात काम करणारी माणसे आजारी व्यक्तीला शुभार्थी आणि तिची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. या नोंदीतही तेच शब्द वापरले आहेत.

तरुणांसाठी वेगळा गट असावा, याला वैद्यकीय कारण आहे. जगभरातल्या १९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ साली ‘मॉलिक्युलर सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात आला. त्यानुसार मानसिक विकार होणाऱ्यांपैकी ६२.५ टक्के लोकांमध्ये त्याची सुरुवात पंचविशीच्या आत होते. म्हणजे शिक्षण, पहिली नोकरी, लग्नाची बोलणी हे सारे ज्या वयात चालू असते, नेमक्या त्याच वयात आजार दार ठोठावतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये गुजरातसह १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १०.६ टक्के प्रौढांना उपचारांची गरज असलेला विकार आढळला आणि त्यातल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत एक तृतीयांशाहून अधिक व्यक्ती १८ ते ३० या वयोगटातल्या होत्या.

जगातली सुरुवात थोडक्यात सांगता येते. १९३५ मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘ए.ए.’, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी राहिली. १९३७ मध्ये शिकागोत डॉ. अब्राहम लो यांनी इस्पितळातून घरी गेलेल्या मनोरुग्णांसाठी ‘रिकव्हरी’ हा गट काढला. न्यूयॉर्कमध्ये रुग्णालयातून बाहेर पडलेल्यांनी एकत्र येऊन जे मंडळ जमवले, त्यातून १९४८ मध्ये ‘फाउंटन हाउस’ झाले. १९८७ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये मानसोपचारतज्ज्ञ मारियस रोमे आणि त्यांच्या रुग्ण पॅट्सी हागे यांच्या संवादातून, कानात आवाज ऐकू येणाऱ्या माणसांची एक चळवळच निघाली.

मराठी मुलखात ही कल्पना आधी व्यसनमुक्तीच्या दारातून आली. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेला माणूस तिथे नव्याने आलेल्याचा आधार होतो, पुढे कार्यकर्ता आणि समुपदेशकही होतो. ज्याने भोगले त्याच्या शब्दाला वजन असते, हे महाराष्ट्राने तिथे पाहिले. मानसिक आजारांच्या बाबतीत हे काम पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने, म्हणजे ‘सा’ने, हाती घेतले. मूळचे धुळे भागातले आणि कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये ही संस्था स्थापन केली. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता आणि हे त्यांनी लपवले नाही. ज्या काळात घरातल्या अशा माणसाचे नाव पाहुण्यांसमोर काढले जात नसे, त्या काळात एका प्राध्यापकाने ते चारचौघांत सांगणे हीच मोठी गोष्ट होती. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामागेही वाणींचा पुढाकार होता.

मात्र या परंपरेचा उगम शुभंकरांच्या दुःखात आहे, हे नोंदवायला हवे. आई, वडील, पती, बहीण यांनी आधी गट केले. शुभार्थी त्यांचा हात धरून आले. त्यामुळे कितीतरी गटांत आजही बोलणारी पिढी पन्नाशी-साठीची असते. तिची चिंता ‘आमच्यामागे याचे कोण?’ ही असते. ती रास्तच आहे. पण बावीस वर्षांच्या मुलाचा प्रश्न तो नसतो. आईच्या शेजारी बसून तो आपले प्रेमप्रकरण मोडल्याचे, गोळ्या गुपचूप बंद केल्याचे किंवा जगणे नकोसे झाल्याचे सांगणार नाही. तरुणांचा गट शुभंकरांच्या गटाहून वेगळा बसवावा हा या नोंदीचा ठाम अभिप्राय आहे, मग इमारत आणि वार तेच असले तरी चालेल.

चांगल्या गटात आठ ते बारा जण असतात. खुर्च्या गोलात मांडलेल्या असतात, टेबल मध्ये नसते. पहिल्या नावाने ओळख होते. आडनाव, जात, कॉलेज विचारले जात नाही. सुरुवातीला नियम मोठ्याने वाचले जातात: इथले बोलणे इथेच राहील, कोणी बोलत असताना मध्ये तोंड घालायचे नाही, न विचारता सल्ला द्यायचा नाही, गप्प बसायचे असेल तर बसावे. नंतर ज्याला वाटेल तो बोलतो. बोलण्याचे विषय डॉक्टरांच्या खोलीत सहसा निघत नाहीत असे असतात. ओलान्झापीनने वजन वाढले आणि जीन्स बसेनाशा झाल्या. लिथियमने हात थरथरतो, त्यामुळे चार लोकांत चहाचा कप उचलायची लाज वाटते. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळच्या लेक्चरपर्यंत उतरत नाही. मुलाखतीत ‘मधली दोन वर्षे काय केले?’ असे विचारले तर काय सांगायचे? मुलगी पाहायला आलेल्यांना आजाराचे कधी सांगावे, आधी की बोलणी पुढे गेल्यावर? या शेवटच्या प्रश्नावर तास जातो आणि एकमत होत नाही. पण आपल्या एकट्यालाच हा प्रश्न पडत नाही एवढे कळले, तरी माणूस पुढच्या बैठकीला येतो.

असा गट लहान गावातल्या तरुणाला कसा मिळावा, हा पुढचा प्रश्न. गुजरातकडे पाहिले तर बडोदे जिल्ह्यातले करजण हे त्याचे बोलके उदाहरण आहे. मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. स्थानकाचे नाव मियागाम करजण. शिकायला आणि कामाला इथली तरुण मुले बडोद्याला ये-जा करतात आणि सरकारी मानसोपचार रुग्णालयही तिथेच, कारेलीबागेत आहे. एवढ्या लहान गावात औषधाच्या दुकानातला माणूस घरच्यांना ओळखतो, म्हणून गोळ्याही शहरातून आणाव्याशा वाटतात. अशा तरुणाला गट हवा असेल तर तो दोन गोष्टींवर टिकतो. बैठक परतीच्या गाडीच्या आधी संपली पाहिजे आणि ती त्याच्या रोजच्या भाषेत झाली पाहिजे. गायकवाडी अमलापासून बडोद्यात स्थिरावलेल्या मराठी घरांतली मुलेही घरात मराठी आणि मित्रांत गुजराती बोलतात. गटात त्यांना दोन्ही मिसळून बोलू द्यावे.

गुजरातमध्ये या दिशेने गंभीर प्रयोग झाले आहेत आणि त्यांमागे पुण्याची संस्था आहे. इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने, डॉ. सौमित्र पाठारे यांच्या नेतृत्वाखाली, राज्यातल्या सहा सरकारी मानसोपचार सेवांमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा ‘क्वालिटीराइट्स’ कार्यक्रम राबवला. कर्मचाऱ्यांचे वागणे आणि रुग्णांचे हक्क यांबरोबरच सहअनुभवी व्यक्तींचा आधार हा त्याचा भाग होता. त्याचे मूल्यमापन २०१९ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झाले. पुढे ‘अपसाइड्स’ या आंतरराष्ट्रीय संशोधनात जर्मनी, युगांडा, टांझानिया आणि इस्रायलबरोबर भारतही होता. त्यात आजारातून सावरलेल्यांना प्रशिक्षण देऊन इतर रुग्णांच्या सोबतीला नेमले गेले. याच केंद्राचा ‘आत्मीयता’ हा उपक्रम नाशिक जिल्ह्यात सुरू होऊन मेहसाणा जिल्ह्यातल्या ६४५ गावांत पोचला. गावातलाच प्रशिक्षित स्वयंसेवक त्रासात असलेल्याला भेटतो आणि ऐकून घेतो. हा स्वयंसेवक स्वतः आजारी असावाच असे नाही. म्हणून आत्मीयता आणि स्वमदत गट यांची गल्लत करू नये. पण जिथे गट जमवण्याइतकी माणसे उघडपणे पुढे येत नाहीत, तिथे पहिले पाऊल असेच पडते.

पुणे, मुंबई आणि दिल्लीतल्या १८ ते २४ वयाच्या तरुणांसाठी याच केंद्राने ‘संगत’ आणि ‘क्विकसँड’ या संस्थांबरोबर ‘आउटलिव्ह’ हा आत्महत्या प्रतिबंधाचा कार्यक्रम आखला. त्यात प्रशिक्षित तरुण स्वयंसेवक समवयस्कांशी मोबाइलवर लिहून बोलतात. घरात एकच खोली असलेल्याला आवाज न करता बोलता येते हा त्याचा मोठा गुण.

गटाचा उपयोग किती, याचे उत्तर संयमाने द्यावे लागते. २०१४ मध्ये ‘बीएमसी सायकिअ‍ॅट्री’त आलेल्या आढाव्यात गंभीर आजार असलेल्यांच्या सहआधारामुळे आशा आणि सावरण्याची भावना काही प्रमाणात वाढल्याचे दिसले, पण रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण घटल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. गट औषधाची जागा घेत नाही. ‘मी गोळ्या सोडल्या आणि बरा झालो’ असे कोणी सांगू लागला, तर गट चालवणाऱ्याने तिथल्या तिथे तो विषय डॉक्टरांकडे वळवलाच पाहिजे. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या सभासदाला एकटे घरी पाठवू नये. गुप्ततेचा नियम अशा वेळी मागे पडतो, हे पहिल्या दिवशीच सर्वांना सांगून ठेवावे. केंद्र सरकारची १४४१६ ही टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. पोलिसांच्या धाकाने गप्प राहणाऱ्या मुलांना हे कलम समजावून सांगणे हे गटाचेच काम आहे.

गट सहसा दोन कारणांनी बंद पडतात: जागा जाते किंवा गट चालवणारा थकतो. जागा वाचनालय, शाळा, नगरपालिकेचा हॉल अशी मिळवता येते. दुसरे कारण अवघड आहे, कारण गट चालवणाराही शुभार्थीच असतो आणि त्याचा आजार उलटू शकतो. म्हणून गट एकाच्या हाती न देता दोघांवर सोपवावा, त्यांना प्रवासखर्च आणि मानधन द्यावे, आणि महिन्यातून एकदा त्यांनी समुपदेशकासमोर स्वतःविषयी बोलावे अशी सोय ठेवावी.