मोटारीचा क्लच : गेला आणि परत आला

मोटार हांकणाराच्या डाव्या पायाला कामांतून मुक्त करण्यासाठीं यंत्रज्ञांनीं जवळजवळ पन्नास वर्षें खटपट केली. आतां जुन्या मोटारींचे कांहीं शौकीन तोच पाय पुन्हा कामास जुंपीत आहेत. ही गंगा उलटी कां वाहते, तें थोडें पाहूं.

१८९१ च्या सुमारास फ्रान्समध्यें एमिल लेव्हासोर यांनीं मोटारींत सरकत्या दंतचक्रांची योजना केली. गिअर बदलतांना त्यांची मोठी खडखड होई. १९२८ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक गाडींत चक्रांचा वेग आधीं जुळवून घेणारी 'सिंक्रोमेश' रचना आली. तिचे जनक अर्ल थॉम्पसन यांच्याच नेतृत्वाखालीं पुढें 'हायड्रामॅटिक' पेटी सिद्ध झाली व १९४० च्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत ती प्रथम बसली. क्लचचा पेडल नाहींसा झाला. एंजिनाची शक्ति तेलाच्या प्रवाहांतून चाकांकडे जाऊं लागली आणि गिअर आपोआप पडूं लागले.

इंग्लंडांत जॅग्वार कंपनीनें १९६६ सालीं आपल्या ई-टाइप गाडीची नऊ इंच अधिक लांब, मागें दोन छोटीं आसनें असलेली आवृत्ति काढली. ई-टाइपमध्यें स्वयंचलित पेटी प्रथम मिळाली ती हिच्यांतच. तिला गिअर तीन. हातानें चालविण्याच्या पेटीला चार. वेगाच्या गाडींत गिअर आपल्या हातीं असावा, या हौसेपायीं पुढें अनेकांनीं ती पेटी बदलून घेतली.

हें काम केवळ पेटी बदलण्याचें नव्हे. एंजिनामागची पातळ चकती काढून जड फ्लायव्हील लावावें लागतें. क्लच, त्याचा पेडल आणि तेलाच्या दाबाची नळी नव्यानें बसवावी लागते. प्रोपेलर शाफ्टची लांबी तपासावी लागते. गिअर पडलेला असतां एंजिन सुरू होऊं न देणारी एक कळ स्वयंचलित गाडींत असते. तिच्या तारांची व्यवस्था विसरली, तर एवढ्या खटाटोपानंतर गाडी जागची हलत नाहीं!

मग अशी गाडी अस्सल म्हणावी काय? माझ्या मतें मालकानें आपली हौस अवश्य भागवावी. मात्र काढलेली पेटी भंगारांत घालूं नये. तिजवर गाडीचा क्रमांक लिहून ती जपून ठेवावी. पाय मोकळा करण्यासाठीं झालेल्या त्या दीर्घ खटपटीची ती साक्ष आहे, आणि उद्यांच्या मालकाला गाडी मूळपदावर आणावीशी वाटली, तर तो मार्ग आपण बंद करूं नये.