इंग्रजी नामांचे अनेकवचन

एकाहून अधिक वस्तू वा व्यक्ती दाखवताना इंग्रजी नामाच्या रूपात होणारा बदल. आज बहुतेक नामांना त्यासाठी ‘एस’ किंवा ‘ईएस’ जोडतात. लेखनात साधा दिसणारा हा प्रत्यय उच्चारात तिहेरी आहे : अघोष व्यंजनानंतर ‘स’ (कॅट्स), घोष व्यंजन वा स्वरानंतर त्याचाच सघोष जोडीदार (डॉग्ज, बीज) आणि स, श, च, ज यांसारख्या ध्वनींनंतर ‘इझ’ (बसिझ). मराठीत रुळलेल्या ‘बसेस’च्या शेवटी मात्र स्वच्छ ‘स’च ऐकू येतो. जीन बर्को यांनी 1958 मध्ये लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ असल्याचे सांगितले; दोन प्राणी दाखवताच बहुतेक मुलांनी ‘वग्ज’ म्हटले. न ऐकलेल्या शब्दालाही मुले नियम लावतात, हे त्यातून दिसले. ‘इझ’ मात्र त्यांना अवघड गेला.

जुन्या इंग्रजीत नामांना लिंगे होती आणि अनेकवचनाचे प्रत्ययही अनेक. आजचा ‘एस’ हा त्यांतल्या एका पुल्लिंगी गटाच्या ‘अस’ प्रत्ययाचा वंशज. बाकीचे हळूहळू मागे पडले. शाळेत अपवाद म्हणून पाठ करायला लावलेली रूपे मुख्यतः या हरलेल्या नियमांचे अवशेष आहेत. ‘शीप’ आणि ‘डिअर’ ज्या नपुंसकलिंगी गटातले, त्यात कर्ताकारकी अनेकवचनाला प्रत्ययच नव्हता. ‘फुट–फीट’, ‘माउस–माइस’ यांत पूर्वी प्रत्ययातल्या ‘इ’ने आधीचा स्वर स्वतःकडे ओढला, पुढे प्रत्यय झिजून गेला, बदललेला स्वर राहिला. ‘ऑक्सन’मध्ये जुना ‘अन’ तगला आहे. ‘चिल्ड्रन’ तर दोनदा अनेकवचनी झालेला शब्द : आधीच्या अनेकवचनी रूपाला पुन्हा ‘एन’ लागला.

दोन रूपांची झुंज कशी चाले, हे मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने 1490 च्या ‘एनेडॉस’च्या प्रस्तावनेत सांगितले आहे. झीलंडला निघालेले व्यापारी वाऱ्याअभावी टेम्सच्या मुखापाशी अडकले. त्यांतल्या एकाने किनाऱ्यावरच्या घरी ‘एग्ज’ मागितली. आपल्याला फ्रेंच येत नाही, असे घरधनिणीने सांगितले. फ्रेंच त्यालाही येत नव्हते, म्हणून तो चिडला. दुसऱ्याने ‘आयरेन’ म्हटल्यावर तिला अंडी हवीत हे कळले. ‘आयरेन’ हे जुने देशी रूप, तेही ‘चिल्ड्रन’च्याच घडणीचे, ‘एग’ हा स्कँडिनेव्हियन पाहुणा. टिकला पाहुणाच.

ग्रीक-लॅटिन शब्द आपापली अनेकवचने घेऊन आले : ‘फिनॉमिना’, ‘क्रायटेरिया’. ‘डेटा’ आता बहुधा एकवचनीच वापरतात. ‘ऑक्टोपस’चे ‘ऑक्टोपाय’ हे रूप विद्वत्तेच्या हौसेतून आलेले. शब्द मुळात ग्रीक, प्रत्यय लॅटिन. उलट प्रकारही घडला. वाटाण्याला ‘पीज’ हा एकवचनी शब्द होता. त्याचा शेवट अनेकवचनाचा समजून लोकांनी ‘पी’ हे नवे एकवचन पाडले. नॉर्मन फ्रेंचमधून आलेल्या ‘चेरी’चीही तीच गत झाली.