मोडलेला जबडा आणि माणसाचं वय

मी डॉक्टर नाही. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. तरीही आज जबड्याच्या अस्थिभंगाचा इतिहास सांगायला उभा आहे, याला कारण माझा एक वर्गमित्र. आम्ही सात-आठ वर्षांचे असू. आंब्याच्या झाडावरून पडला, तो थेट हनुवटीवर. टाके घातले, जखम भरली, सगळे विसरले. पुढे मात्र त्याचं तोंड उघडेनासं झालं. मॅट्रिकला असताना तो भाकरी कुस्करून दातांच्या फटीतून आत सरकवायचा. असं का झालं, हे मला फार उशिरा कळलं. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी इजिप्तला जाऊ. एडविन स्मिथ पपायरस हा इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराचा लेख. मूळ मजकूर त्याहूनही जुना. त्यात ४८ रुग्णांची प्रकरणं आहेत. चोविसावं मोडलेल्या खालच्या जबड्याचं. निर्णय काय? यावर उपचार करू नये. लगेच पंचविसावं, निखळलेल्या जबड्याचं. तिथे मात्र वैद्य म्हणतो, हा मी बरा करीन: अंगठे तोंडात, बोटं हनुवटीखाली, आणि जबडा जागेवर बसवायचा. आपल्या मर्यादेची ही जाण मला फार मोलाची वाटते. पण बघा, रुग्णाचं वय किती, हा प्रश्न दोन्हीकडे नाही.

पुढे ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत उपाय सापडतो: मोडीच्या दोन्ही बाजूंचे दात सोन्याच्या तारेनं, नाहीतर सुताच्या दोऱ्यानं, एकमेकांना बांधा.

वयाचा प्रश्न स्पष्ट दिसतो तो आपल्याकडे, सुश्रुतसंहितेत. चिकित्सास्थानातल्या भग्नाच्या अध्यायात म्हटलंय की कोवळ्या वयात सांधा महिन्याभरात स्थिर होतो, मध्यम वयात दुप्पट काळ लागतो, उतारवयात तिप्पट. तरुणाचे हललेले दात दाबून बसवावेत, म्हाताऱ्याचे सोडून द्यावेत, असंही आहे. म्हणजे मोड तीच, पण माणूस कुठल्या वयाचा, यावर उपचार ठरतो.

एकोणिसाव्या शतकात मोडलेला जबडा घट्ट धरून ठेवण्याचं तंत्र पक्कं झालं. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड यांचा घोडागाडीच्या अपघातात जबडा मोडला. नऊ दिवसांनी, लिंकनवर गोळी झाडली गेली त्याच रात्री, अंथरुणातल्या सेवर्डवर सुरीहल्ला झाला. दंतवैद्य थॉमस गनिंग यांनी कडक रबराचा साचा तोंडात बसवून तो जबडा सांधला. १८८७ मध्ये गिल्मर यांनी वरचे-खालचे दात तारांनी एकत्र बांधण्याची पद्धत मांडली. विसाव्या शतकात छोट्या धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू आले. सूत्र एकच: मोडलेलं हाड हलू द्यायचं नाही.

मोठ्यांसाठी हे सूत्र बरोबरच आहे. पण लहान मुलाचा जबडा म्हणजे मोठ्याच्या जबड्याची छोटी आवृत्ती नव्हे. आत कायमच्या दातांचे कोंब दडलेले असतात. स्क्रू तिथे लागला तर दातच बिघडतो. दुधाच्या दातांवर तार नीट टिकत नाही. आणि कानापुढे सांध्यात बसणारं जबड्याचं टोक, ते अजून वाढत असतं. ते मोडलं आणि सांधा हलता राहिला नाही, तर हाडाला हाड चिकटतं, तोंड मिटतं, चेहऱ्याची वाढ खुंटते. म्हणून मुलांमध्ये बांधायचंच झालं तर थोडे दिवस, आणि पुष्कळदा नुसतं मऊ अन्न, लवकर सुरू केलेले तोंड उघडण्याचे व्यायाम आणि लक्ष. मुलाचं हाड वाढता वाढता स्वतःला बऱ्याच अंशी घडवून घेतं.

आम्ही तत्त्वज्ञानात 'असणं' आणि 'होणं' यांत भेद करतो. मोठ्याचं हाड आहे. मुलाचं अजून होतंय. जे होतंय त्याला जखडलं तर ते बिघडतं.

आता माझा मित्र. मार हनुवटीला, पण मोड वर, कानापुढे. सगळ्यांनी रक्त येत होतं तिथेच पाहिलं. तेव्हा एवढंच लक्षात ठेवा: मूल हनुवटीवर पडलं, तर जखमेबरोबर कानापुढे दुखतं का, तोंड पूर्ण उघडतं का, दात पूर्वीसारखे जुळतात का, हे बघा. शंका आली तर मुखशल्यचिकित्सकाकडे न्या, आणि बरं झाल्यावरही काही वर्षं दाखवत राहा. त्याच्या वेळी हे कुणी विचारलं नाही. तुम्ही विचारा.