पाळणाघर शोधताना
ताईची बाळंतपणाची रजा संपत आली तशी आम्ही दोघी पाळणाघरं बघत फिरलो. जिथे जाऊ तिथे आधी कॅमेऱ्याचं अ‍ॅप दाखवायचे. पण परक्या माणसाच्या हाती मूल द्यायचं कसं, हा प्रश्न अ‍ॅपपेक्षा फार जुना आहे.

१९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी सुरू केली. दलित वस्तीतली मुलं तिथे येईनात. मग बालवाडीच वस्तीतल्या अंगणात गेली. अंगणात जे चालतं ते घरातून दिसतं. हीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला आदिवासी मुली शाळेत येत नसत, कारण धाकटी भावंडं कडेवर. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आली. १९७५ पासून सरकारी योजनेतून अंगणवाडी देशभर पोचली.

आम्ही निवडलेल्या पाळणाघरात कॅमेरा नाही. तिथल्या मावशी म्हणाल्या, "न सांगता कधीही या. पहिला आठवडा इथेच बसा." ताई आठवडाभर बसली, मगच कामावर रुजू झाली.