अँड्रॉइडमधील थ्रेड आणि कॉन्टेक्स्ट यांचा इतिहास

अँड्रॉइड ॲपमध्ये पडद्यावर काही बदलायचे असेल तर ते फक्त मुख्य थ्रेडवरून बदलता येते. याउलट, बीओएस या १९९० च्या दशकातील प्रणालीत प्रत्येक खिडकीला आपला थ्रेड असे. तिथले काही अभियंते पुढे गूगलमध्ये अँड्रॉइडच्या कामावर आले. बीओएसमधील लूपर, हँडलर आणि संदेशांची रांग या कल्पना अँड्रॉइडमध्येही दिसतात. खिडकीगणिक थ्रेड मात्र दिसत नाही. एकाच थ्रेडमुळे प्रोग्राम सोपा झाला, पण नेटवर्कसारखे रेंगाळणारे काम दुसरीकडे हलवणे भाग पडले, कारण मुख्य थ्रेड सुमारे पाच सेकंद अडकला की ॲप प्रतिसाद देत नसल्याची सूचना झळकते.

खरी गुंतागुंत कॉन्टेक्स्टमुळे झाली. संसाधने, थीम, प्रणालीच्या सेवा हे सारे कॉन्टेक्स्टमार्फत मिळते, आणि एक पडदा सांभाळणारी ॲक्टिव्हिटी स्वतःच कॉन्टेक्स्ट असते. फोन आडवा केला की एरवी ती मोडून नवी उभारली जाते. पार्श्वभूमीवरच्या थ्रेडला याचा पत्ताच नसतो. जावातील अनामिक आतला क्लास बाहेरच्या ऑब्जेक्टचा संदर्भ न सांगता धरून ठेवतो. थ्रेडचे काम अशा क्लासात लिहिले असेल तर थ्रेड संपेपर्यंत मेलेली ॲक्टिव्हिटी आणि तिच्यातील सगळी दृश्ये स्मृतीत अडकून राहतात. २००८ मध्ये आलेल्या टी-मोबाइल जी१ वर एका ॲपला १६ एमबी हीप मिळे. तिथे अशी गळती ॲप बंद पाडू शकत होती. जानेवारी २००९ मध्ये गूगलचे रोमँ गी यांनी यावर लेख लिहिला आणि दीर्घकाळ जगणाऱ्या वस्तूंना ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट द्यावा असे सुचवले. सल्ला योग्यच होता, पण पुरेसा नव्हता: त्या कॉन्टेक्स्टला ॲक्टिव्हिटीची थीम नसते आणि त्यावर साधा डायलॉगही उघडता येत नाही.

त्याच वर्षी अँड्रॉइड १.५ मध्ये एसिंकटास्क आले. काम मागे करावे, निकाल मुख्य थ्रेडवर द्यावा, ही सोय प्रोग्रामरांना फार आवडली. कामे आधी एकामागून एक चालत, १.६ पासून एकाच वेळी अनेक चालू लागली आणि ३.० मध्ये पुन्हा क्रमाने चालू लागली, कारण समांतर कामांनी ॲपांत चुका वाढवल्या. ३.० पासूनच, त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपने मुख्य थ्रेडवर नेटवर्क वापरले की ते थेट त्रुटी देऊ लागले. ही कठोरता आवश्यकच होती. ॲक्टिव्हिटी आधी संपते आणि काम मागे उरते, या मूळ दोषाला मात्र एसिंकटास्कने हातच लावला नाही.

२०१७ मध्ये गूगलने पडद्याची माहिती सांभाळणारे व्ह्यूमॉडेल आणले. फोन फिरवला तरी ते टिकते, आणि त्याने ॲक्टिव्हिटीचा संदर्भ धरू नये असा नियम आहे. २०१८ मध्ये कोटलिन भाषेत कोरूटीन, म्हणजे थ्रेड न अडवता मध्येच थांबून पुन्हा सुरू होऊ शकणारी कामे, स्थिर झाल्या. पुढे त्या व्ह्यूमॉडेलच्या आयुष्याला बांधता आल्या: ते संपले की चालू कामालाही रद्द होण्याचा निरोप जातो. २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये एसिंकटास्क कालबाह्य ठरवले गेले. दिलेल्या कारणांत कॉन्टेक्स्टची गळती स्पष्टपणे नोंदलेली आहे.