गुडदाणी आणि चॉकलेट

गेल्या दिवाळीच्या सुटींत बेंबळीस आमच्या आत्याबाईंच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. त्याच वेळीं त्यांची नात अमेरिकेहून आली होती, आणि तिनें येतांना मंद आंचेचें विजेवर चालणारें एक पातेलें आणिलें होतें. आंत जाड मातीचें चकचकीत भांडें, बाहेर धातूचें वेष्टन, वर कांचेचें झांकण, असें त्याचें रूप. अमेरिकेंतील विजेचा दाब सुमारें १२० व्होल्ट, आपल्याकडील २३०. तेव्हां त्याच्या जोडीला दाब उतरविणारी एक जड पेटीही तिला वाहावी लागली होती. त्या भांड्यांत तिनें भाजून सोललेले शेंगदाणे घातले, वर थोडे काजू, वर चॉकलेटचे तुकडे. झांकणाला आंतून फडकें बांधलें आणि कळ दाबून ती गप्पा मारीत बसली. ढवळणें नाहीं, पाक पाहणें नाहीं. दोन तासांनीं सारें एकदां कालवून कागदावर चमच्यानें लहान लहान ढीग घालावयाचे, कीं झाला खाऊ!

तासाभरानें वीज गेली. नातीचा चेहरा उतरला. पण आत्याबाई शांतपणें म्हणाल्या, "राहूं दे ग तसंच. मातीचं भांडं आहे, वैलावर ठेवल्यागत आपसूक होईल. दाणे आपले, आंच आपली. ही तर आपली गुडदाणीच की!" आणि खरोखरच तसें झालें. झांकण न काढतां ठेवलेल्या त्या भांड्यानें आपली ऊब धरून ठेविली होती. चॉकलेट मऊ झालें, दाणे त्यांत बुडाले, आणि रात्रीं आम्हीं सर्वांनीं तो खाऊ आवडीनें खाल्ला.

परंतु आत्याबाईंचें तें वाक्य माझ्या मनांतून जाईना. इतिहास शिकवून पोट भरणाऱ्या मनुष्यास 'आपलें' हा शब्द ऐकला कीं दाखला मागण्याची खोड जडलेली असते. दाणे आपले, आंच आपली, पदार्थ आपला, अशा तीन प्रतिज्ञा त्या वाक्यांत आहेत. त्या एक एक तपासून पाहूं.

प्रथम दाणे. भुईमूग हें मूळचें दक्षिण अमेरिकेंतील पीक. कोलंबसापूर्वीं आशियांत तें कोणास ठाऊक नव्हतें. बेंबळीपासून फार दूर नसलेल्या कल्याणीस बाराव्या शतकांत चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर राज्य करीत होता. त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत अन्नभोगाचें सविस्तर वर्णन आहे. डाळी, दूध, गूळ, साखर यांच्या नाना कृति तेथें सांपडतात. भुईमूग मात्र त्यांत सांपडणें शक्यच नाहीं; आणि मिरची व बटाटाही नाहीं. हीं पिकें सोळाव्या शतकापासून पुढें पोर्तुगीज व स्पॅनिश जहाजांच्या मागोमाग आलीं. कोणत्या वाटेनें आलीं याची खूण भाषांनीं जपून ठेविली आहे. बंगाली लोक या दाण्यास चीनाबादाम म्हणतात, तामिळ लोक त्यास मनिलाचें नांव देतात. म्हणजे पूर्व किनाऱ्यावर तरी तो पूर्वेच्या समुद्रानें आल्याची आठवण त्या नांवांत आहे. मराठी शेतकऱ्यानें मात्र त्याच्या गांवाची चौकशी केली नाहीं. फूल वर येतें आणि शेंग जमिनींत शिरून पोसते, हें नवल त्यानें पाहिलें, आपल्या जुन्या मुगाशीं त्याचें नातें जोडलें, आणि त्याला भुईमूग म्हटलें. आपल्या शेजारी कानडी शेतकऱ्यानेंही भुईचा हरभरा अशा अर्थाचें नांव देऊन तेंच केलें. परक्यास घरांत घेण्याची ही रीत मोठी सुंदर आहे: त्याचें कुळ विचारावयाचें नाहीं, गुण पाहून घरांतल्या एखाद्या माणसाचें नांव त्याला द्यावयाचें.

काजूची हकीकत निराळी. तो पोर्तुगीजांनीं ब्राझिलांतून गोव्यास आणिला आणि आपलें नांवही बरोबर घेऊन आला. परंतु भुइमुगाचें घर करणें इतकें पुरें होतें कीं तो देवघरापर्यंत पोंचला. तुळजापूरच्या नवरात्रांत उपास करणारी बाई साबुदाण्याची खिचडी करते. तींतील साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो, बटाटा, मिरची आणि दाण्याचें कूट, हीं चारही अमेरिकेचीं. जुन्या धर्मग्रंथकारांस हीं पिकें माहीतच नव्हतीं, म्हणून त्यांच्यावर निषेधही नव्हता, असा माझा तर्क आहे. जें अनोळखी तेंच पवित्र ठरलें!

भुईमूग पैशाचें पीक मात्र फार उशिरा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधील मार्सेयच्या तेल व साबण करणाऱ्या कारखानदारांस त्याची भूक लागली आणि पांदेचेरीहून जहाजें भरून शेंगदाणे जाऊं लागले. दख्खनमध्यें तो पसरला तो रेल्वेच्या व बाजारपेठांच्या मागें. १८९७ सालीं सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे पुढें निजामाच्या राज्यांत शिरून १९११ च्या सुमारास लातुरास पोंचली, आणि आमच्या या भागांतील गळिताचें धान्य तिच्या छोट्या डब्यांतून बाहेर पडूं लागलें. तेव्हां आत्याबाईंच्या आजीच्या लहानपणीं दाणा हा कदाचित् नवलाचाच पदार्थ असेल. संक्रांतीची वडी तेव्हांही होती, पण ती तिळाची. गुडदाणींत शेंगदाणा बसला तो तिळाच्या पाटावर.

आतां आंच. आमच्या चुलीला ऐल आणि वैल अशीं दोन तोंडें असतात, हें शहरी वाचकांस सांगावें लागेल. जाळ ऐलाखालीं, वैलाकडे जाते ती केवळ त्याची उरलेली ऊब. भाकरी ऐलावर, आणि दूध, वरण किंवा आमटी वैलावर, अशी ही सोय आहे. नातीच्या विजेच्या भांड्याचें तत्त्वही हेंच. आयर्व्हिंग नॅक्सन नांवाच्या गृहस्थास त्याचें अमेरिकन पेटंट १९४० सालीं मिळालें. आपल्या आईच्या तोंडून ऐकलेल्या, लिथुआनियांतील एका गांवच्या भटारखान्याच्या निवत्या भट्टींत रात्रभर शिजणाऱ्या कालवणाच्या गोष्टीवरून ही कल्पना सुचल्याचें त्यांचे घरचे लोक सांगत. १९७१ पासून तें भांडें 'क्रॉक-पॉट' या नांवानें घरोघर गेलें. परंतु त्याच्याही आधीं, १९१० सालीं, कलकत्त्याच्या डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनीं इकमिक कुकर काढला होता. खालीं थोडे कोळसे, वर डब्यांची उतरंड. कोळसे पेटवून नोकरीवर जावें आणि परत येऊन जेवावें. एकट्या राहणाऱ्या कारकुनांचा व विद्यार्थ्यांचा तो अन्नदाताच होता. तेव्हां लिथुआनियाची भट्टी, कलकत्त्याचे कोळसे आणि बेंबळीचा वैल यांनीं एकच युक्ति वेगवेगळी शोधिली, असें म्हणणें प्राप्त आहे.

पण येथें आत्याबाईंची एक चूक दाखविली पाहिजे. गुडदाणी वैलावर होत नाहीं! गुळाचा पाक चांगल्या जाळावर इतका तापवावा लागतो कीं थेंब गार पाण्यांत टाकून तो आपटला असतां टणत्कार व्हावा. मग दाणे घालून, तो थिजण्यापूर्वीं, तुपाच्या हातानें चपळाईनें लाटावें. क्षण चुकला कीं पाक चिकट राहतो किंवा करपतो. चॉकलेटचा स्वभाव अगदीं उलट. त्यांतील स्निग्धांश सुमारें ३४ अंश उष्णतेवर, म्हणजे जिभेवरच, वितळतो. जोराची आंच लागली तर तें जळतें, आणि पाण्याचे चार थेंब पडले तर आळून गोळा होतो. झांकणाला फडकें बांधलें होतें तें वाफेचें पाणी टिपून घेण्यासाठीं. गुडदाणी ही हाताची विद्या आहे, आणि हा नवा खाऊ धीराची.

राहिला पदार्थ. कोकोच्या बिया मेक्सिकोंतील लोक कुटून त्यांचें कडू पेय करीत; त्याच बिया ते नाण्यांसारख्याही चालवीत. युरोपांतही तीन शतकें चॉकलेट हें प्यावयाचेंच होतें. १८२८ सालीं हॉलंडांतील व्हान हाउटेन यांनीं कोकोंतील चरबी दाबून वेगळी करण्याची युक्ति काढली, १८४७ सालीं ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनें खाण्याची वडी केली, आणि १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडांत डॅनियल पीटर यांनीं तींत दूध मिळविलें. परंतु जो पदार्थ ३४ अंशांवर वितळतो तो वैशाखांत बेंबळीस टिकावा कसा? म्हणून आमच्याकडे पदार्थाच्या आधीं नांवच आलें. पार्ल्याच्या कारखान्यांत १९२९ सालीं गोळ्या होऊं लागल्या. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं रावळगांवास साखरेचा कारखाना काढला, आणि तेथील गोळ्या १९४२ पासून महाराष्ट्रभर गेल्या. त्या साखरेच्या होत्या. पण आम्हां मुलांच्या तोंडीं कागदांत गुंडाळलेली प्रत्येक गोड वस्तु 'चाकलेट'च होती. कोकोची चव मला कॉलेजांत गेल्यावर कळली. तो शब्द मात्र मी बाराखडीबरोबर शिकलों होतों.

तर निकाल काय? दाणा परका, कोको परका, पातेलें परकें, आंच सर्वांची, आणि पदार्थ गुडदाणी नव्हे. आत्याबाईंच्या तीनही प्रतिज्ञा दस्तऐवजाच्या न्यायालयांत टिकत नाहींत. तरी मला त्यांचें म्हणणें खोटें वाटत नाहीं. जी वस्तु आपण पेरली, निंदली, फोडली, भाजली आणि मुलाच्या हातावर ठेविली, ती आपली. 'आपलेपणा' हा उगमाचा दाखला नव्हे. ती श्रमाची वहिवाट आहे, आणि वहिवाट मोडली कीं हक्कही जातो.

निघण्याच्या दिवशीं मीं आत्याबाईंस सहज विचारलें, "दाणे यंदाच्या शेंगांचे का?" त्या म्हणाल्या, "शेंगा कुठल्या रे बाबा! रानांत सगळं सोयाबीन आहे. शेंगा उपटायला माणूस मिळत नाहीं. दाणे दुकानांतले, पिशवींतले." मराठवाड्यांत फिरतांना हें आपणां सर्वांस दिसतें, मीं तें पाहिलें होतें, पण त्याचा अर्थ तेव्हां कळला. चारशें वर्षांमागें परका असलेला दाणा मध्यंतरीं शंभर वर्षें आमचा झाला होता, आणि आतां तो पुन्हां पिशवींतून येऊं लागला आहे. नात जातांना तें पातेलें आजीस देऊन गेली. उन्हाळ्यांत बांधावर तरी चार ओळी भुइमुगाच्या लावीन, असें आत्याबाई म्हणाल्या आहेत.